पर्वरीत ‘आपलं गाव’ म्हणावं असं काही उरलंय का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पुण्याहून पणजीत येताय, मांडवीपलीकडच्या पर्वरीत फ्लॅट बघताय, मुलं लहान आहेत, आणि तिथं ‘आपलं गाव’ म्हणावं असं काही उरलंय की नुसत्या इमारती आहेत, हे तिथं राहणाऱ्या कुणीतरी सांगावं. मी इथंच वाढले, लग्न होऊन इथंच राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उरलंय. मात्र ते शोधायला थोडं चालावं लागतं.

“पूर्वी इथं सुंदर गाव होतं, बाहेरच्यांनी येऊन वाट लावली,” असं तुम्हाला इथं पुष्कळ जण सांगतील. आज जिथं उंच इमारती आहेत त्या माथ्यावर गाव कधी नव्हतंच. तिथं सडा होता, जांभ्या दगडाचा उघडा माळ. गावं होती ती उताराच्या पायथ्याशी: सुकूर, तोर्डा, साल्वादोर द मुंद, ब्रिटोना, बेती. विहिरी, माडांची भाटं म्हणजे बागा, चर्च, देवळं, खाडीकाठची खाजन शेतं, सगळं तिथं खाली. वर गुरं चरायला न्यायची आणि काजू गोळा करायचे. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर मांडवीवर पूल झाला, पणजी हाकेच्या अंतरावर आली, आणि मग सड्यावर प्लॉट पडले. हाउसिंग बोर्डाची वसाहत उभी राहिली. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा अशा ठिकाणांहून सरकारी नोकरीला आलेली कुटुंबं इथं घर करून राहिली. माझे वडील त्यांतलेच, मूळचे डिचोलीचे. म्हणजे माथ्यावरचे आम्ही सगळेच उपरे. तुम्ही येताय म्हणून कुणी नाक मुरडलं तर हे लक्षात ठेवा.

मग या उपऱ्यांचं एकमेकांशी जुळलं कसं? माझं उत्तर असं की गोष्टी कमी होत्या म्हणून. आमच्या ओळीत फोन एका घरात होता, तो सगळ्यांचा होता. नळाला पाणी यायचं ते रात्री कधीतरी. ज्याला आधी जाग येईल तो शेजारच्या दारावर थाप मारून “पाणी आलं गो!” म्हणून पुढं जायचा. शेजारची ख्रिस्ती मावशी, आमची तीया, अंधारात सगळ्यात आधी उठायची. तिच्या अंगणात पिंप होतं, आमचं भरलं नाही तर आई बिनदिक्कत तिच्या पिंपातून दोन कळश्या घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत भरून द्यायची. त्याचा हिशेब कुणी ठेवल्याचं मला आठवत नाही. वर्तमानपत्रांत ‘गोमंतक’ आमच्याकडे यायचा, ‘नवप्रभा’ समोर, दुपारी अदलाबदल. पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत आला की सगळ्या बायका एकदम बाहेर, आणि पोळी, उंडे असे पाव घेता घेता आदल्या दिवशीची सगळी बातमी कळायची.

आणि मग १९८६. बाहेरच्यांना त्या वर्षीची पर्वरी आठवते ती ‘ओ कोकेरो’ या हॉटेलात एप्रिलमध्ये कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज पकडला गेला म्हणून. आम्हाला ते वर्ष आठवतं ते पुलामुळे. जुलैत, भर पावसात, मांडवीवरचा पूल कोसळला. नवा पूल खुला झाला तो थेट १९९२ मध्ये. पणजी समोर दिसते आहे आणि जायचं कसं, हा प्रश्न एका दिवसात सगळ्यांपुढे आला. मग सगळे बेतीच्या धक्क्यावर. साहेब, शिपाई, कॉलेजची मुलं, टोपली घेतलेली मासळीवाली, शाळेतले मास्तर, सगळे एकाच फेरीबोटीत, एकाच पावसात, एकमेकांच्या छत्रीचं पाणी अंगावर घेत उभे. ज्यांना आम्ही नुसतं तोंडओळखीनं पाहत होतो, त्यांची नावं, त्यांची गावं, कुणाची मुलगी बारावीला आहे, कुणाच्या सासूला बरं नाही, हे सगळं त्या फेरीवर कळलं. त्रास फार झाला, तो विसरलेली नाही. आजारी माणसाला रात्री पलीकडे न्यायचं म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. तरीही माझ्या पिढीला विचाराल तर पर्वरीची माणसं एकमेकांना ओळखू लागली ती त्या फेरीत, हेच ऐकाल.

त्याच काळात चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, आरती वाढली. गोव्यात पुष्कळ हिंदू घरांत बोलणं कोकणी आणि आरती मराठी, तसंच आमच्या ओळीतही. डिचोलीची चाल वेगळी, पेडण्याची वेगळी, आणि पहिल्या वर्षी दोन्ही एकदम सुरू झाल्या की गोंधळ. मग घरोघर फिरून एकमेकांच्या चाली शिकायच्या. घुमट हे वाद्य वाजवणारे एक काका होते. मातीचं मडकं, एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला छोटं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, छोट्यावर डावा तळवा ठेवून नाद कमीजास्त करायचा. पूर्वी हे चामडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, तेव्हा काकांनी बकऱ्याचं चामडं मढवून घेतलं आणि आवाज मनासारखा लागेना म्हणून आरतीच्या आधी ते शेगडीच्या उबेवर धरून बसायचे. मध्ये मध्ये बोटाने टिचकी मारून बघायचे, पुन्हा उबेवर. आम्ही मुलं भोवती बसलेलो. ते “आता” म्हणेपर्यंत कुणी आरतीचं ताट उचलायचं नाही. तीयाची मुलं शामेळ हे तालवाद्य वाजवायला शिकली ती तिथंच, आणि डिसेंबरात तिच्या घरी नाताळचं गोड, दोदोल, घोटायला आमच्या घरातले हात जायचे.

दोन हजार साली विधानसभा पणजीच्या आदिलशाही राजवाड्यातून पर्वरीच्या नव्या संकुलात आली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारतही इथंच झाली. त्याआधी १९८३ ची राष्ट्रकुल परिषद (इंग्रजी आद्याक्षरांनी चोगम) झाली, तिच्यावरून नाव पडलेल्या चोगम रस्त्याने कळंगुटकडची वाहतूक आमच्या दारातून जाऊ लागली होतीच. मांडवीवर तिसरा पूल २०१९ मध्ये आला. एवढं सगळं ज्या माथ्यावर आलं, तिथं जमिनीचा भाव कुठे जाणार ते सांगायला नको. मोठी भाटं विकली गेली, एकमजली घरं पाडून चार मजले उठले. २००१ च्या जनगणनेत गोव्यातले जेमतेम निम्मे लोक शहरी होते, २०११ मध्ये ते ६२ टक्के झाले. सुकूरसारख्या जागा त्यात मोजल्या जातात. जनगणनेच्या लेखी शहर, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. पर्वरीला आजही स्वतःची नगरपालिका नाही. तुमची इमारत सुकूरमध्ये येते, साल्वादोर द मुंदमध्ये की पेन्ह द फ्रान्समध्ये, हे फ्लॅट घ्यायच्या आधी विचारा. कचरा, गटार, रस्त्यावरचा दिवा, सगळ्याचं दार वेगळं.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट, आणि तुम्हाला उपयोगाची. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी सडा पिऊन घेतो, ते आत झिरपत उतरतं आणि पायथ्याशी विहिरींना, झरींना मिळतं. त्या पाण्यावर खालची भाटं जगली. त्याच्याही खाली खाजन शेतं, खाडीचं खारं पाणी अडवायला बांध आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. वरचा माळ आणि खालचं शेत हे एकाच पाण्याने बांधलेले होते. श्रावणात सड्यावर पाय ठेवायला जागा नसायची इतकी बारीक फुलं यायची. सीतेची आसवं, निळसर जांभळी, जमिनीलगत. आणि दवबिंदू, लालसर, चिकट थेंब अंगावर घेतलेलं, किडे धरणारं. आई आम्हाला म्हणायची, चप्पल काढून चाला. आता तो माळ सिमेंटखाली आहे. पाणी आत जायचं थांबलं, ते रस्त्यावरून धावतं. म्हणून जूनमध्ये हमरस्त्याला ओढा वाहतो आणि एप्रिलमध्ये त्याच रस्त्याला टँकरची रांग लागते. दोन्हीचं कारण एकच. नव्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही. तो टँकरवाल्याला फोन करतो आणि पाणी येतं. खालच्या वाड्यावरच्या विहिरीचं काय झालं, हे त्याला कळायची वाटच बंद झालेली असते.

मला वाटतं, बदल म्हणतात तो मुख्यतः इथं झाला. माणसं वाईट झालेली नाहीत. माझ्या वरच्या मजल्यावर दिल्लीचं कुटुंब आहे, खाली हुबळीचं, समोर आमचे पेडण्याचेच, सगळी भली माणसं आहेत. पण कुणाला कुणाच्या दारावर थाप मारायची वेळच येत नाही. पाणी टँकरने येतं, पाव मोबाईलवर मागवता येतो, पणजी गाडीने दहा मिनिटांवर, वाहतूक नसेल तर. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण होतं तेवढीच गाठ. आमच्या ओळीतली जी मुलं परदेशी गेली, त्यांच्या बंद घरांना कुलपं आहेत. तीयाचं घरही तसंच आहे. तिच्या अंगणातलं पिंप गेल्या पावसाळ्यापर्यंत मला कुंपणावरून दिसत होतं.

सध्या हमरस्त्यावर सुमारे पाच किलोमीटरच्या सहापदरी उड्डाणपुलाचं काम चालू आहे. धूळ, वळवलेले रस्ते, तासन् तास खोळंबा. याच कामासाठी २०२५ च्या मार्चमध्ये खाप्रेश्वराच्या स्थानाजवळचा जुना वड हलवला गेला, देवाचं स्थानही हललं. वाहतुकीचं दुखणं खरं आहे आणि पूल हवा असं मानणारे माझ्या घरातही आहेत. मी त्या दिवसांत संध्याकाळी तिथं जाऊन उभी राहत असे. आणि मला जे दिसलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. तिथं जमणाऱ्यांत आमच्या जुन्या ओळींतली म्हातारी माणसं होती, तोर्ड्याचे ख्रिस्ती शेतकरी होते, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी राहायला आलेली, मराठी-कोकणी अजून अडखळत बोलणारी मुलंही होती. एका मुलीने मला विचारलं, “मावशी, या देवाला काय वाहतात?” मला सांगता आलं, विडी वाहतात, नारळ ठेवतात. तिने ते फोनवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन आली होती. तिच्या इमारतीतल्या आणखी दोघी सोबत.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘उरलंय’ असंच आहे. जुन्या पर्वरीतली माणसं अजून आहेत, त्यांना विचारणारं कुणीतरी लागतं. वडाजवळ त्या मुलीने जसं विचारलं तसं.

राहायला यायचं ठरलं तर दोन-तीन गोष्टी करा. मतदार यादीत नाव लगेच इथं घाला. यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, तिथं तुम्हाला उभं राहून प्रश्न विचारता येतो. ग्रामसभा बहुधा रविवारी असते आणि खुर्च्या बऱ्याच रिकाम्या असतात. पहिली सभा नुसती ऐका. डोंगर उतारावरच्या बांधकामावर, गटारावर, विहिरींवर बोलणारे चार-पाच जण असतात, ते कोण आहेत ते बघून ठेवा, तीच तुमची पहिली ओळख. मुलांना सुटीच्या दिवशी तोर्ड्याच्या बांधावर न्या, मानस दाखवा, ओहोटीच्या वेळी दार कसं उघडतं ते त्यांना फार आवडेल. चवथीला कुणी आरतीला बोलावलं तर जा. नाही बोलावलं तरी आवाज ऐकू आला की जा, आमच्याकडे त्याला आमंत्रण लागत नाही. चाल येत नसेल तर टाळ हातात घ्या.

मराठी वाचणारे असाल तर आल्तो पर्वरीतल्या गोमंतक मराठी अकादमीच्या वास्तूत कार्यक्रम होतात, तिथं माझ्यासारखी बरीच जण भेटतील.

आणि फ्लॅटची सही करायच्या आधी एकदा जुलैत येऊन ती जागा बघा, नुसती हिवाळ्यात बघून ठरवू नका. इमारतीच्या मागच्या बाजूला पाणी कुठे जातं ते पाहा. बांधकामवाल्याला विचारा की बोअरवेल आहे का आणि उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर लागतात. कोणत्या वाड्यावर बघताय ते इथं लिहिलंत, तर तो उतार कसा आहे आणि खाली विहिरी कुणाच्या आहेत, एवढं मी सांगू शकेन.