नव्या आशाताईला: ‘अंगावरून जातंय’ म्हणाली की

बाई आधी कापसाच्या भावावर बोलेल, लेकराच्या खोकल्यावर बोलेल आणि तू चप्पल घालताना हळूच म्हणेल, ‘ताई, अंगावरून पांढरं जातंय.’ खरी तक्रार तीच. सासू ओसरीत असेल तर त्या बाईला गोठ्याकडे घेऊन जा. वास येतो का, खाज सुटते का, ओटीपोट दुखतं का, लघवीला आग होते का, मोकळेपणानं विचार. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत येणारं पातळ, बिनवासाचं पाणी आजार नसतो. बाकी सगळं आरोग्य केंद्रात दाखवायला लाव. तुरटीच्या पाण्यानं आतून धुणं मुळीच नको.

नवरा सुरतेला कामाला असला की गावाला लगेच संशय येतो. तू त्यात तेल ओतू नकोस. दह्यासारखं घट्ट जाणं बहुधा बुरशीमुळे होतं, त्यात कुणाचं पाऊल वाकडं पडलेलं नसतं. पण डॉक्टरांनी लैंगिक संसर्ग सांगितला तर औषध दोघांनीही घ्यायचं, नाहीतर तो दिवाळीला आला की पुन्हा तेच.

गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ‘छाया’ गोळी पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ‘अंतरा’ इंजेक्शन दर ३ महिन्यांनी. त्यानं पाळी मागेपुढे होते, कधी थांबते. हे आधीच सांग, नाहीतर बाई घाबरून दुसऱ्या इंजेक्शनला फिरकत नाही. तांबी संसर्ग असताना बसवत नाहीत. आणि यातलं काहीच गुप्तरोग अडवत नाही, ते काम निरोधचं. पाकिटं कागदात गुंडाळून दे, पोरांच्या हाती लागली तर गल्लीभर फुगे दिसतील.