जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करताना देहबोली आणि अंतराचं काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनी तुम्हाला तीन महिन्यांसाठी नागोयाजवळच्या कारखान्यात पाठवतेय, जपानी फक्त नमस्कार-धन्यवादापुरती येते, आणि बाकीचं हातवाऱ्यांवर निभावेल का अशी शंका आहे. मी बारा वर्षं चाकण-रांजणगाव पट्ट्यात जपानी दुभाषी म्हणून काम करतेय. हातवाऱ्यांवर बरंच निभतं. पण आधी मान सांभाळा.

माझ्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक जपानी इंजिनिअर आमच्या सुपरवायझरला फिक्श्चरचं सेटिंग समजावत होते. सुपरवायझर हुशार, त्याला दुसऱ्या वाक्यातच सगळं कळलं होतं. तो आपल्या नेहमीच्या पद्धतीनं मान डोलवत होता, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. म्हणजे "कळलं, पुढं बोला." इंजिनिअर थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. याने आणखी जोरात मान डोलवली. तिसऱ्यांदा तेच सुरू झालं तेव्हा तो वैतागून मला म्हणाला, "मॅडम, मी यांना काय ढ वाटलो का?" आणि तिकडून इंजिनिअर हळूच मला विचारत होते, "यांना नेमकं कुठे अडतंय?"

जपानमध्ये मान एका बाजूला कलती केली की त्याचा अर्थ शंका. 'कुबी ओ काशिगेरु' असा वाक्प्रचारच आहे त्यांच्याकडे. म्हणजे डोकं कलतं करणं, काहीतरी पटत नसणं. आपला अख्खा होकार त्यांना शंकेसारखा दिसत होता.

उलट्या बाजूचा घोळ याहून महागात पडतो. भाव वाढवून मागण्याची एक मीटिंग होती. आमचे मॅनेजर बोलत होते आणि समोरचे तिघे प्रत्येक वाक्याला मान खालीवर करत "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", म्हणत होते. बाहेर आल्यावर मॅनेजरांचा चेहरा खुलला होता, "झालं बघा काम!" काम काहीच झालं नव्हतं. या "हाय"ला 'आइझुची' म्हणतात. शब्द लोहारकामातला आहे. मुख्य लोहाराच्या घणापाठोपाठ साथीदाराचा घण पडतो, तो आइझुची. म्हणजे मी ऐकतोय, ताल सुटलेला नाही, चालू द्या. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी "जी जी रं जी" करतात ना, तेच. झीलकऱ्यानं "जी" म्हटलं म्हणून त्यानं करारावर सही केली असं कोणी धरत नाही. आणि हा हुंकार तुम्हीही द्यायचाय. आपण गप्प राहून लक्षपूर्वक ऐकत बसलो की त्यांना वाटतं, हा माणूस कुठे हरवला?

मग नकार कसा ओळखायचा? तो बहुधा शब्दांत येत नाही. दातांच्या फटीतून श्वास आत ओढल्याचा "स्स्स्" आवाज, मान कलती, आणि "चोत्तो…" म्हणजे "थोडंसं…" असं म्हणून वाक्य तिथेच सोडून देणं. ते वाक्य पुढे पूर्ण होईल म्हणून वाट बघू नका, तो नकार होता. कधी नुसतीच शांतता पसरते. आपल्याला शांतता सोसत नाही. आपला माणूस ती भरून काढायला लगेच "बरं, पाच टक्के कमी करतो" म्हणून मोकळा होतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता टेबलाखालून पायानं खुणावते.

हातांच्या खुणांत तर गंमतच आहे. नाकासमोर हाताचा पंजा पंख्यासारखा हलवला तर वास येतोय म्हणून अंग आखडून घेऊ नका, "नाही हो, जमणार नाही" किंवा "छे छे, मी कसला मोठा" असा त्याचा अर्थ. स्वतःबद्दल बोलताना ते नाकाकडे बोट दाखवतात, छातीकडे नाही. दोन्ही हातांची फुली म्हणजे चालणार नाही, डोक्यावर हातांचं वर्तुळ म्हणजे ठीक. करंगळी मात्र खिशातच ठेवा. शाळेत आपण करंगळी दाखवून कशासाठी सुटी मागायचो ते तुम्हाला आठवत असेल. जपानमध्ये, निदान जुन्या पिढीच्या पुरुषांत, तीच करंगळी वर केली की "त्याची ती" म्हणजे प्रेयसी. लाइनवरून दोन मिनिटं सुटी मागताना ती खूण केलीत तर चौकशी भलत्याच दिशेला जाईल.

कागदावरची एक खूणही जाता जाता सांगते. तिकडे शाळेत बरोबर उत्तरावर मास्तर लाल वर्तुळ काढतात आणि चुकलेल्या उत्तरावर टिक करतात. आपल्याला वर्तुळ दिसलं की भोपळा आठवतो. म्हणून तपासणीचा तक्ता भरण्याआधी कोणती खूण कशासाठी वापरायची ते विचारून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

आता अंतर. या विषयावर बोलणारे बहुतेक जण एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली मांडलेले आकडे सांगतात. ४५ सेंटिमीटरपर्यंत जिव्हाळ्याचं अंतर, सुमारे १.२ मीटरपर्यंत ओळखीतलं, ३.६ मीटरपर्यंत कामकाजाचं, त्यापुढे सार्वजनिक. हे आकडे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीयांचे आहेत हे हॉलनं स्वतःच नोंदवलं होतं. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ते वाक्य कधीच येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ देशांतल्या सुमारे नऊ हजार लोकांना कागदावरच्या आकृत्यांवरून विचारलं गेलं की अनोळखी माणूस किती जवळ आलेला चालेल. अर्जेंटिनातल्या लोकांचं उत्तर सगळ्यांत कमी होतं, सुमारे ७६ सेंटिमीटर. रोमानियाचं सगळ्यांत जास्त, १३० सेंटिमीटरच्याही वर. आणि अरब माणूस अगदी तोंडाशी येऊन बोलतो असं वर्षानुवर्षं ऐकवलं जात असताना सौदी अरेबिया लांब उभं राहणाऱ्यांत निघाला. त्यामुळे 'अमुक देशात इतके सेंटिमीटर' असे तक्ते पाठ करण्यात वेळ घालवू नका.

जपानमध्ये अंतर ठरतं ते वाकण्यामुळे. शेकहँडच्या अंतरावर उभे राहून दोघंही वाकलात तर डोकी आपटतील, म्हणून आपोआप पाऊलभर मागे व्हावं लागतं. येताजाता ओळखीच्या माणसाला साधारण १५ अंश, ग्राहकाला किंवा साहेबांना ३०, आणि माफी मागताना किंवा मनापासून आभार मानताना ४५. कोनमापक काढायची गरज नाही. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका, आणि वाकताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहू नका. आपले लोक एकाच वेळी हात पुढे करतात, मानही झुकवतात आणि वर दुसऱ्या हातानं दंडही धरतात. तो दंड तेवढा सोडा. खांद्यावर हात, पाठीवर थाप, हे सगळं इथेच ठेवून जा. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या. मी नव्या मुलांना सांगते, तीर्थ घेताना जसा हाताखाली हात धरता तेवढ्याच भावनेनं घ्या. आणि घेतलेलं तीर्थ कोणी मागच्या खिशात टाकत नाही.

एवढं सगळं शिकून तुम्ही सकाळच्या लोकलमध्ये चढाल आणि चक्रावून जाल. गर्दी दादर स्टेशनची आठवण करून देणारी, माणसाला माणूस चिकटलेला. पण आपल्या लोकलमध्ये शरीरं चिकटली की तोंडंही सुटतात. "जरा सरका", चौथी सीट, भजन, भांडण, कोणाचा तरी फोन. तिथे सगळे गप्प. डोळे मिटलेले किंवा मोबाइलवर, सॅक पोटाशी घेतलेली, फोनवर बोलणारं कोणी नाही. शरीरानं अंतर राखायला जागाच उरली नाही की ते आवाजानं आणि नजरेनं राखतात. नाकासमोर नाक असलं तरी समोरच्याकडे बघायचं नाही, आणि घरचा फोन आलाच तर उतरल्यावर घ्यायचा.

वर ज्या इंजिनिअरांची गोष्ट सांगितली ते पुढे चार वर्षं चाकणला राहिले. निरोपाच्या जेवणात म्हणाले, इथे राहून माझी मान बिघडली. हेड ऑफिसबरोबर व्हिडिओ मीटिंग असली की मी "हो" म्हणून मान डोलवतो आणि तिकडून विचारणा होते, "आपला काही आक्षेप आहे का?"