असेटिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर बफर (थोडं आम्ल किंवा अल्कली पडली तरी ज्याचा सामू, म्हणजे pH, फारसा हलत नाही असं द्रावण) होतो, मग हायड्रोक्लोरिक आम्लात का होत नाही?

कारण बफरसाठी सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार (किंवा सौम्य आम्लारी आणि त्याचा क्षार) दोन्ही एकाच द्रावणात शिल्लक असावे लागतात, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे. त्याचा क्लोराइड आयन पाण्यात हायड्रोजन आयन परत धरत नाही. असेटेट आयन मात्र धरतो, आणि उरलेलं असेटिक आम्ल वरून पडलेल्या अल्कलीला उदासीन करतं. म्हणून सामू फारसा हलत नाही.

पण प्रमाण बघाच, मुलं नेमकी इथेच चुकतात. असेटिक आम्ल आणि अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइड), दोन्ही द्रावणं ०.१ मोलर धरा:

- १०० मिली आम्ल + ५० मिली अल्कली: निम्मं आम्ल उरतं, निम्म्याचं सोडियम असेटेट होतं. उत्तम बफर, सामू सुमारे ४.७६.
- १०० मिली + १०० मिली: आम्ल संपलं, नुसता क्षार राहिला. बफर नाही.

त्यामुळे ‘यातला बफर कोणता?’ अशा प्रश्नात नुसतं ‘हायड्रोक्लोरिक’ नाव वाचून पर्याय खोडू नका. अमोनियाच्या द्रावणात ते निम्म्या मोल प्रमाणात घातलं, तर अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडचा चांगला बफर मिळतो, सामू सुमारे ९.२५.