८७ व्या ओळीवर अडलेला मॅक्रो

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी मुनीम आहे. आवकेच्या रोजच्या यादीतील नको असलेले रकाने काढणे, गावानुसार क्रम लावणे आणि तळाशी क्विंटलची बेरीज मांडणे, एवढ्या कामाचा मी एक्सेलमध्ये मॅक्रो (एकदा करून दाखवलेले काम पुन्हा आपोआप करणारी नोंद) रेकॉर्ड केला. त्या दिवशी शीर्षकाखाली ८६ शेतकरी होते आणि मॅक्रो बिनचूक चालला. सोयाबीनची आवक वाढल्यापासून मात्र बेरीज यादीच्या मध्येच उमटते आणि काटापट्ट्यांशी तिचा मेळ बसत नाही. माझे कोठे चुकले?

उत्तर : रेकॉर्डर आपला हेतू ओळखत नाही, ज्या सेलना आपला हात लागला, त्यांचे पत्ते तेवढे तो उतरवून घेतो. आपण ८७ व्या ओळीपर्यंत क्रम लावला आणि ८८ व्या ओळीत बेरीज लिहिली, म्हणून शेतकरी १४० असले तरी तो क्रम ८७ पर्यंतच लावतो व बेरीज ८८ व्या ओळीतच लिहितो. त्या ओळीत ज्या शेतकऱ्याचे वजन होते ते या बेरजेखाली पुसले जाते, ही यातील खरी गंभीर बाब आहे. मॅक्रो चालल्यावर ‘अनडू’ही उपयोगी पडत नाही, तेव्हा मूळ यादीची प्रत आधी काढून ठेवावी आणि गेल्या काही दिवसांचे हिशोब एकदा पडताळून घ्यावेत.

अशा वेळी ‘युज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ हे बटण (ठरलेल्या पत्त्यांऐवजी निवडलेल्या सेलपासूनचे अंतर नोंदवणारे) दाबण्याचा सल्ला हमखास मिळतो. आपल्या कामी तो पुरा पडणार नाही, कारण त्या बटणानंतरही ‘ऑटोसम’ (बेरजेचे तयार बटण) वरच्या ८६ सेलचीच बेरीज म्हणून नोंदवला जातो. त्यापेक्षा बेरीज वर न्यावी. खातेवहीत बेरीज तळाशी लिहिण्याची आपली सवय जुनी आहे, पण तळ रोज हलतो आणि माथा हलत नाही. नव्याने रेकॉर्ड करताना रकाने काढून आधी क्रम लावावा, मग सर्वांत वर एक रिकामी ओळ घालावी आणि वजन ‘ई’ रकान्यात असल्यास ई१ मध्ये ई३ ते ई५००० ची बेरीज मागावी. नंतर ऑल्ट आणि एफ११ दाबून मॅक्रोचा मजकूर दाखवणारी एडिटरची खिडकी उघडावी, डावीकडच्या यादीतून आपले मॉड्यूल (मॅक्रो लिहिला गेलेले पान) निवडावे आणि क्रम लावण्याच्या ओळींत जेथे जेथे ८७ (किंवा रेकॉर्ड केलेल्या यादीच्या शेवटच्या ओळीचा क्रमांक) दिसेल तेथे ५००० लिहावे. रिकाम्या ओळी क्रमात आपोआप खाली जातात. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असल्या, तरी दुकानाच्या एका दिवसाला ५००० भरपूर झाल्या.

प्रश्न : फाइल जतन करून पुन्हा उघडली की मॅक्रो नाहीसा होतो. असे का? (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : एक्सेल २००७ पासून नेहमीच्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारच्या फाइलमध्ये मॅक्रो राहत नाही, त्यासाठी ‘एक्सएलएसएम’ हा प्रकार निवडावा लागतो. जतन करताना एक्सेल तशी सूचना देते, पण घाईत आपण ‘येस’ म्हणून मोकळे होतो. तोच मॅक्रो रोज नव्या फाइलवर चालवायचा असेल, तर रेकॉर्ड करतानाच ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’मध्ये (एक्सेलसोबत आपोआप उघडणाऱ्या लपलेल्या फाइलमध्ये) ठेवावा आणि एक्सेल बंद करताना ते वर्कबुक जतन करावे. ते त्या एकाच संगणकावर राहते, त्यामुळे शाळेत केलेला मॅक्रो घरच्या संगणकावर दिसणार नाही.