सेफ्टीची पदवी राहू दे, केमिस्ट्री तेवढी बदला

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. मुलगी इथल्याच एका युनिव्हर्सिटीत ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थच्या (कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य) दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यापासून तिने फार्मसीचं मनावर घेतलंय, पण सेफ्टी सोडायची नाही म्हणते. तिचे बाबा म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलून बायोलॉजी घे. आमच्या वेळी पुण्यात बारावी झाली की थेट बी. फार्म. असायचं, त्यामुळे इथलं गणित आम्हाला उमगत नाही. तिचं चुकतंय का? तिच्या विषयांची यादी सोबत पाठवते आहे. – एक आई

ताई, नमस्कार.

तिचं चुकत नाहीये. पण यादीतली एक गोष्ट मला खटकली, ती आधी सांगते, कारण स्प्रिंगचं, म्हणजे जानेवारीपासूनच्या सेमिस्टरचं, रजिस्ट्रेशन तोंडावर आलंय.

पहिल्या वर्षी तिने जो केमिस्ट्रीचा कोर्स केला, त्याच्या नावात ‘इंट्रोडक्टरी’ हा शब्द आहे. ग्रेड ए मिळालीये, कौतुकच आहे. सेफ्टीच्या पदवीला हा कोर्स पुरतो, फार्मसी स्कूलला मात्र बहुधा पुरणार नाही. तिथे सायन्सची मुलं घेतात ती जनरल केमिस्ट्री लागते, दोन सेमिस्टर, लॅबसकट. ती झाल्याशिवाय ऑरगॅनिक केमिस्ट्रीला बसू देत नाहीत आणि ऑरगॅनिकचीही दोन सेमिस्टर असतात. म्हणजे एकामागून एक अशी चार सेमिस्टरची साखळी झाली. ती मधूनच पकडता येत नाही आणि दोन कड्या एकाच वेळी उरकताही येत नाहीत. बहुतेक मुलांचं वर्ष इथेच जातं, अभ्यास न झेपल्यामुळे फार क्वचित.

तिने येत्या स्प्रिंगला जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग घेतला, उन्हाळ्यात दुसरा केला आणि तिसऱ्या वर्षात ऑरगॅनिकचे दोन्ही भाग संपवले, तर चौथ्या वर्षाच्या फॉलमध्ये (ऑगस्टपासूनच्या सेमिस्टरला) ती निर्धास्त मनाने अर्ज भरू शकेल. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी हे विषय त्या वर्षात बसतात. स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस आणि पब्लिक स्पीकिंग तिच्या यादीत आधीच आहेत. फिजिक्स काही ठिकाणी मागतात, काही ठिकाणी नाही. लॅब ऑनलाइन केलेली काही कॉलेजं धरत नाहीत, म्हणून उन्हाळ्याचा कोर्स निवडताना हे आधी विचारून घ्या.

आता तिच्या बाबांच्या मुद्द्याकडे येते. त्यांची काळजी मला समजते. पण इथे प्री-फार्मसी ही पदवी नव्हेच. ती फक्त विषयांची यादी असते आणि ती कुठल्याही मेजरबरोबर पुरी करता येते. मेजर कोणतं यावर फार्मसी स्कूल अडत नाही. यादीतले विषय झाले का, सायन्सचे ग्रेड कसे आहेत, इंटरव्ह्यूत मुलगी काय बोलते, हे बघतं. पूर्वी पीकॅट नावाची प्रवेश परीक्षा होती, ती जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. त्यामुळे ग्रेडना आणि फार्मसीतल्या प्रत्यक्ष अनुभवाला जास्तच वजन आलंय. मेजर बायोलॉजी केलं तर आपोआप जमणारे विषय सेफ्टीत राहून मुद्दाम जमवावे लागतात, एवढाच फरक.

एक मोह मात्र टाळायला हवा. बरीच फार्मसी स्कूलं पदवी पुरी नसली तरी, दोन-तीन वर्षांत विषय झाले की, चार वर्षांच्या फार्मडीला (फार्मसिस्ट होण्यासाठीची डॉक्टरेट पदवी) घेतात. एक-दोन वर्षं वाचतात, पैसे वाचतात. बायोलॉजीची मुलगी असती तर मी कदाचित अडवलं नसतं. तुमच्या मुलीने तसं करू नये असं मला ठामपणे वाटतं. सेफ्टीच्या क्षेत्रात ज्याला मान आहे ते सीएसपी (सर्टिफाइड सेफ्टी प्रोफेशनल) प्रमाणपत्र मिळवायला आधी बॅचलर्स पदवी लागते, मग चार वर्षांचा अनुभव आणि परीक्षा. पदवी अर्धी सोडली तर ते दार बंद होऊ शकतं. तिच्या युनिव्हर्सिटीचा कोर्स बीसीएसपीच्या (हे प्रमाणपत्र देणारी संस्था) मान्य यादीत असेल, तर पदवीबरोबरच जीएसपी (ग्रॅज्युएट सेफ्टी प्रॅक्टिशनर) हे पद मिळतं आणि सीएसपीच्या आधीची एएसपी परीक्षा वाचते. हे तिच्या डिपार्टमेंटमध्ये आठवणीने विचारा.

आणि ताई, हे दोन दगड एकमेकांपासून फार लांब नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीबरोबर मी एका हॉस्पिटलची फार्मसी पाहायला गेले होते. कॅन्सरची औषधं बनवतात त्या खोलीला काच होती, आम्ही बाहेर उभ्या होतो. आतल्या टेक्निशियनने हातमोज्यांचे दोन जोड घातले होते, आतला गाऊनच्या कफखाली, बाहेरचा कफवरून ओढलेला. दाराशेजारी दाब दाखवणारा मीटर होता आणि खाली नोंदींचा कागद. सलाइनमधली नेहमीची औषधं बनवतात तिथे खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे धूळ-जंतू आत येऊन औषध बिघडत नाही. इथे उलट. दाब बाहेरच्यापेक्षा कमी, पाण्याच्या स्तंभाच्या ०.०१ ते ०.०३ इंचांइतक्या फरकाने, म्हणजे औषधाचा अंशही बाहेरच्या माणसापर्यंत पोचू नये. पण औषध निर्जंतुकही राहायला हवं, म्हणून तासाला किमान ३० वेळा हवा बदलावी लागते. रुग्णाचं औषध आणि ते बनवणारी मुलगी, दोघांना एकाच खोलीत जपायचं. माझी विद्यार्थिनी औषधाचं नाव विचारत होती आणि मी त्या मीटरकडे बघत होते.

या नियमांमागे मोठा इतिहास आहे. केमोची औषधं हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत पेशींमध्ये बदल घडवणारी द्रव्यं सापडतात, हे फिनलंडच्या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवलं. अमेरिकेत नायॉशने (कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये अशा औषधांबद्दल जाहीर इशारा दिला आणि औषधांची यादी काढली. ती आजही वेळोवेळी बदलते. मग यूएसपीचं (औषधांची मानकं ठरवणारी संस्था) प्रकरण ८००, म्हणजे अशी धोकादायक औषधं हाताळण्याचे नियम, आलं, ते २०२३ च्या नोव्हेंबरपासून खऱ्या अर्थाने लागू झालं. त्यात प्रत्येक ठिकाणी या सगळ्याची जबाबदारी घेणारी एक नेमलेली व्यक्ती असावी असं म्हटलंय. ते काम बहुतेक ठिकाणी एखाद्या फार्मसिस्टकडे येतं, आणि व्हेंटिलेशन, हवेचे नमुने, संरक्षक साधनं हे विषय त्यांनी कॉलेजात फारसे शिकलेले नसतात. तुमची मुलगी ते आत्ता शिकते आहे. औषध बनवणाऱ्या कारखान्यांतही हीच गरज असते. तिथे हवेत औषधाची पूड किती चालेल याची मर्यादा ठरवावी लागते आणि त्यासाठी औषधाचा डोस आणि कामगाराचा संपर्क दोन्ही कळणारं माणूस लागतं.

म्हणून तिची सेफ्टीची इंटर्नशिप बांधकामाच्या साइटवर घालवू नका. हॉस्पिटलच्या सेफ्टी ऑफिसात किंवा औषध कारखान्यात मिळते का पाहा. त्याआधी शनिवार-रविवार कुठल्याही फार्मसीत टेक्निशियन म्हणून काम करू द्या. काउंटरवर उभं राहणं, इन्शुरन्सशी फोनवर भांडणं, चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं, हे रोज करायला आवडेल का, हे तिला तिथेच कळेल. नाही आवडलं तर चार वर्षांचं कर्ज डोक्यावर घेण्याआधी कळलेलं बरं.

कर्जाचंही बोलून घ्या. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी) कर्ज बंद. फार्मडीला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. सरकारी आकड्यांनुसार २०२३ मध्ये फार्मसिस्टचा मध्यम पगार वर्षाला १ लाख ३६ हजार डॉलर होता, सेफ्टी स्पेशालिस्टचा ८० हजारांच्या आसपास. पण सेफ्टीचा पगार पदवीनंतर लगेच सुरू होतो, फार्मसीचा आणखी चार वर्षांनी. फार्मसीला अर्ज करणारे गेल्या दशकात बरेच कमी झालेत, प्रवेश पूर्वीइतका कठीण नाही. त्याने हुरळून जाऊ नका. प्रत्येक कॉलेजचा नॅपलेक्स या फार्मसिस्टच्या लायसन्स-परीक्षेचा निकाल त्यांच्या वेबसाइटवर असतो. ती पास झाल्याशिवाय लायसन्स नाही, म्हणून आधी तो आकडा बघा.

या आठवड्यात तिला एक काम सांगा. पसंतीच्या तीन फार्मसी स्कूलच्या विषयांच्या याद्या छापून घ्यायच्या, शेजारी स्वतःचा सेफ्टीचा डिग्री प्लॅन ठेवायचा आणि सेमिस्टरप्रमाणे एकच तक्ता करायचा. सेफ्टीच्या अ‍ॅडव्हायझरला फार्मसीचं फारसं ठाऊक नसतं, प्री-हेल्थच्या अ‍ॅडव्हायझरला सेफ्टीचं. तोच तक्ता दोघांनाही दाखवू दे. तिचे बाबाही त्या तक्त्यावर एकदा नजर टाकतील तर बरं होईल. मग मला पाठवा. जनरल केमिस्ट्रीच्या लॅबच्या जागा लवकर भरतात, तेवढं रजिस्ट्रेशन मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता करून टाका.