कंदील घेणारा आधी शोध

माटुंगा, मुंबई

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. आकाशकंदील ऑनलाइन विकायचे ठरलंय, नाव सुचलंय, लोगो झालाय, इन्स्टाग्रामवर पान उघडलंय, आणि आता कागद-कामट्यांत चाळीस हजार घालायचे आहेत. ते चाळीस हजार तेवढे थांबव. लोगो राहू दे, तो काही खायला मागत नाही.

तू लिहितेस, ‘मार्केट रिसर्च केला, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, सगळे नक्की घेऊ म्हणाले.’ अगं, शेजारच्या मुलीला तोंडावर नाही कोण म्हणेल? आणि दुसरं असं, की डोंबिवलीतल्या माणसाने कंदील ऑनलाइन का घ्यावा? दिवाळीआधी स्टेशनातून घरी जाताना दोन्ही बाजूंना कंदील टांगलेले असतात. हात लावून बघता येतात, घासाघीस होते, आवडला नाही तर पुढचं दुकान असतंच. दादरला छबिलदास गल्लीत, रानडे रोडवर तेच. माहीमला तर अख्खी कंदील गल्ली आहे. या गिऱ्हाइकाला तुझी गरज नाही.

गरज कोणाला आहे, याचा शोध घे. नोकरीसाठी बंगळूर, हैदराबाद, नोएडा इथे गेलेली मराठी जोडपी घे. भाड्याचा फ्लॅट, हातभर बाल्कनी, घरमालकाची भिंतीला खिळा न मारण्याची अट, दर दोन वर्षांनी सामानाची बांधाबांध. त्यांना घरासारखा कंदील हवा असतो, पण कोपऱ्यावर मिळत नाही, आणि मिळाला तरी पुढच्या वर्षापर्यंत ठेवायला जागा नसते. ‘आकाशकंदील’ हा झाला धंदा. ‘महाराष्ट्राबाहेरच्या छोट्या बाल्कनीसाठी घडी होणारा पारंपरिक कंदील’ ही झाली तुझी जागा. इंदूर, वडोदरा इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण तिथे त्यांची स्वतःची दुकानं आणि कारागीर असू शकतात. ते गृहीत धरू नकोस, तिथल्या महाराष्ट्र मंडळात फोन करून विचार.

हे सगळं अजून माझं अनुमान आहे. खरं-खोटं कसं करायचं ते सांगतो.

गूगल ट्रेंड्स उघड, लोक गूगलवर काय शोधतात ते तिथे दिसतं, आणि शोध राज्यवार बघ. तिथला आकडा म्हणजे किती लोकांनी शोधलं ते नव्हे. निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. त्यामुळे एकट्या कर्नाटकाच्या आलेखात १०० दिसलं म्हणून हुरळू नकोस. महाराष्ट्र आणि कर्नाटक शेजारी शेजारी लावून बघ. शब्द देवनागरीत टाक, इंग्रजी लिपीत टाक, ‘आकाश’मधला ‘आ’ एका ए ने आणि दोन ए ने टाक, ‘दिवाली लँटर्न’ही टाक. आणि कॅलेंडर जवळ ठेव. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. २०२६ साली अधिक महिन्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केलीस तर मागणी वाढली की पडली याचं उत्तर हमखास चुकणार.

मग मोठ्या ऑनलाइन बाजारांवर जाऊन तुझ्यासारखा माल शोध. एकही विकणारा सापडला नाही तर आनंदू नकोस. बहुतेक वेळा त्याचा अर्थ पैसे देणारा कोणी नाही असा असतो, किंवा माल पोचवण्यातच काहीतरी खोट आहे. विकणारे सापडले तर त्यांच्याखालचे अभिप्राय वाच. पाच तारे देणारा ‘छान’ म्हणून मोकळा होतो. एक तारा देणारा बरेचदा कुरिअरवाल्यावर चिडलेला असतो. दोन-तीन तारेवाले मात्र मनापासून लिहितात: रंग फोटोसारखा नव्हता, कंदिलाच्या कागदी करंज्या चेपलेल्या आल्या, बल्ब आत बसत नाही, जोडायचा कसा ते कळलं नाही, दिवाळी झाल्यावर पोचला. ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. एकच तक्रार वेगवेगळ्या विक्रेत्यांखाली परत परत दिसली, की तुला काय विकायचं ते कळेल. कदाचित ती चांगली डिझाइन नसेलच. वेळेवर येणारं, न चेपलेलं पार्सल असेल.

एकदा माहीमलाही जा. ऐन गर्दीत नको, तेव्हा त्यांना मान वर करायला सवड नसते. पण भाऊबीज झाल्यावर जरूर जा आणि काय उरलंय ते बघ. काय विकलं गेलं हे दुकानदार फुगवून सांगेल, उरलेला माल फुगवता येत नाही. कागद, झिरमिळ्या यांचे भाव अब्दुल रहमान स्ट्रीटवर दोन-तीन ठिकाणी विचारून ठेव. डझनाचा आणि ग्रोसचा, म्हणजे बारा डझनांचा, भाव वेगवेगळा विचार.

आता ज्या गोष्टीने या धंद्याचं गणित ठरतं ती, कुरिअर. कंदील हलका असतो म्हणून पाठवायला स्वस्त, असं तू लिहिलंयस. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे काढतात, काट्यावरचं आणि आकारमानावरून. जे जास्त, ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. तुझा तयार कंदील ३५ सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात बसला तर उत्तर येतं साडेआठ किलोच्या वर. आतला कंदील भले तीनशे ग्रॅमचा असो, तू हवेचे पैसे भरतेस. तोच घडी होऊन ४० बाय ४० बाय ३ च्या पाकिटात गेला तर एक किलोच्या आत. म्हणून घडी हा शोभेचा मुद्दा नाही, धंदा त्याच्यावर उभा आहे. आधी पाकीट ठरव आणि मग त्यात मावणारा कंदील कर.

आकडे मांडून बघू, उदाहरणादाखल. विक्री ६०० रुपये. माल आणि मजुरी २१०, पॅकिंग ४०, कुरिअर १००, ऑनलाइन बाजाराचं कमिशन वगैरे १००. हातात राहिले १५०. दहा कंदील गेले तर दीड हजार? थांब. कॅश ऑन डिलिव्हरीत काही पार्सलं परत येतातच. दहातली दोन आली असं धर. आठांचे मिळाले १२००. दोन परत आलेल्यांवर जायचं-यायचं कुरिअर आणि पॅकिंग मिळून ४८० गेले. उरले ७२०, म्हणजे कंदिलामागे ७२. यात जाहिरात नाही, जीएसटी नाही. शिवाय साडी परत आली तर पुढच्या आठवड्यात विकता येते. दिवाळीनंतर परत आलेला कंदील पुढच्या दिवाळीपर्यंत पलंगाखाली पडून राहतो, आणि अशा दोन कंदिलांत अडकलेले माल-मजुरीचे ४२०ही. म्हणून पहिल्या वर्षी फक्त आगाऊ पैसे घे. गिऱ्हाईक कमी होतील, होऊ देत.

छोट्या विक्रेत्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला साधारणपणे ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारांतूनही नोंदणीशिवाय विकता येतं. पण राज्याच्या आत. तुझं गिऱ्हाईक बंगळूरला आहे. परराज्यात माल पाठवायचा तर काही ठरावीक हस्तकला-वस्तू सोडता पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कागदी कंदील त्या यादीत बसतो का, हे सीएला विचारून घे, व्हॉट्सअॅपवर नको. पाकिटावर एमआरपी, नग, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीचा नंबर हे छापायचं, तेही त्यालाच विचार.

वर्षातून एकदाच चालणारा धंदा, हे तुझ्या आईचं म्हणणं मला पटतं. त्यावर उपाय म्हणून पणत्या, रांगोळी, उटणं असं सगळं विकायचं तुझ्या मनात आहे, ते पटत नाही. ते सगळं त्याच पंधरा दिवसांत विकलं जातं, मग फायदा काय? त्यापेक्षा नाताळचा कागदी तारा बघ. वांद्र्यात, वसईत घराघरांवर लागतो. कामट्या त्याच, कागद तोच, पाकीट तेच, हात तेच, आणि हंगाम दिवाळी आटोपल्यावर. अर्थात त्याचीही चौकशी पहिल्यापासून करावी लागेल. तुला कंदिलाचं माहीत आहे म्हणून ताऱ्याचं माहीत आहे असं नाही.

शेवटचं काम, जे तू टाळशील असं मला वाटतं. पाच-सहा नमुने कर, नीट फोटो काढ, आणि बाहेरगावच्या, तुझ्या नात्यात नसलेल्या मराठी लोकांपर्यंत पोचव. आवडला का, हे विचारूच नकोस. गेल्या वर्षी कंदील कुठून घेतला, कितीला घेतला, आता तो कुठे आहे, एवढं विचार. ‘आईने मुंबईहून येताना आणला’ असं उत्तर फार वेळा आलं तर तुझी स्पर्धा दुसऱ्या दुकानाशी नाही, आईच्या बॅगेशी आहे, आणि ती जड आहे. मग किंमत सांग, यूपीआयचा क्यूआर पाठव आणि गप्प बस. तीस अनोळखी माणसांनी आगाऊ पैसे भरले तर चाळीस हजारांतले दहा काढ. पाच-सातांनीच भरले तर त्यांचे कंदील नीट पोचते कर आणि यंदा तेवढंच.

माझी भाची बंगळूरला असते. पहिलं पार्सल तिला पाठव, पत्ता कळवतो. साध्या कुरिअरने, वर ‘नाजूक’ वगैरे काही न लिहिता, आणि पूर्ण पैसे घेऊन. पोचल्यावर ती उघडतानाचा व्हिडिओ पाठवेल, तो आपण दोघं बघू.

तुझा,
काका