काटा केव्हा चढतो ते आधी बघा, हेड नंतर खोला

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 90 हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीत ट्रकांच्या मागे अडकलात की इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो आणि घाट उतरून 80 ने पळवली की परत मध्यावर येतो. शहरात सिग्नलला एसी लावला तरी तेच रडगाणं. रेडिएटरशेजारच्या बाटलीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) भरलेलं दिसतं. गॅरेजवाला म्हणतोय, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्या मधली, इंजिनातला वायू आणि कूलंट वेगळे ठेवणारी पट्टी) गेलंय, इंजिन खोलावं लागेल.

खोलू नका. निदान एवढ्यात तरी नाही.

गाडी नेमकी केव्हा गरम होते, यातच निम्मं उत्तर असतं. 80 च्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची फारशी गरज लागत नाही. गाडी रांगायला लागली की सगळी भिस्त पंख्यावर. तुमची गाडी पळताना थंड होते आणि रांगताना तापते, म्हणजे पहिला संशय पंख्यावर. उलट हायवेला जोरात पळवताना काटा चढत असता, तर मी आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा वॉटर पंप यांच्या मागे लागलो असतो.

पंखा तपासायला कुणी लागत नाही. इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. मग एसी बंद करून गाडी पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. काटा मध्याच्या वर सरकायच्या आत पंखा आपोआप लागला पाहिजे, थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे, परत लागला पाहिजे. लागलाच नाही तर फ्यूज बघा, मग रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). शेजारी तशाच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. त्यानंतर मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघायचं, पण हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. हात मात्र लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो.

इथे एक फसवणूक आहे आणि मी स्वतः तिच्यात पैसे घातलेत. माझ्या जुन्या गाडीचा पंखा गॅरेजमध्ये दर वेळी फिरायचा, ट्रॅफिकमध्ये काटा चढायचाच. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप. शेवटी एकदा भर उन्हात काटा वर असताना बॉनेट उघडलं तर पंखा गपचूप उभा. मोटरच्या पाठीवर पान्याच्या दांड्याने दोनदा टकटक केलं आणि तो फिरायला लागला. आतले कार्बन ब्रश झिजले होते. थंड असताना चालायची, तापली की मोटर अडायची. म्हणून पंखा गरम गाडीवरच तपासा.

आता बाटलीबद्दल. बाटली भरलेली म्हणजे रेडिएटर भरलेला, असं नसतं. इंजिन तापलं की जास्तीचं कूलंट झाकणातून बाटलीत जातं आणि थंड झालं की तेच झाकण ते परत ओढून घेऊ देतं. झाकणातली ही परतीची झडप बिघडली किंवा मधल्या बारीक नळीला चीर गेली, तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा. झाकणाचं दुसरं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीचं. त्यावर 0.9 लिहिलेलं असेल तर तेवढ्या प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, पाणी लवकर उकळतं. सगळ्यात स्वस्त सुटा भाग हाच, तरी शेवटी आठवतो.

टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतही बघा. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मध्ये धूळ-किड्यांचा गोधडीसारखा थर असतो. तो इंजिनाच्या बाजूने साध्या पाइपने पाणी मारून काढा. वॉशिंगवाल्याचं प्रेशर नको, पत्र्या वाकतात. आणि आजवर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी पडलं असेल तर आत क्षार बसलेच समजा. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालू नका. भरल्यावर आतली हवाही काढून घ्या, नाहीतर नवाच घोळ.

कुणी म्हणेल, थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे थंडी कुठे असते? ऐकू नका. इंजिन थंड राहिलं की पेट्रोल जास्त पिते, आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं.

हेड गॅस्केट गेलंय म्हणणाऱ्याकडे पुरावा मागा. थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं तर बुडबुडे सतत येतात का? थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो का? इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का? ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर आहे का? पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा थर वाफेनेही जमतो, तेवढ्यावरून घाबरू नका. यातलं काहीच नसेल तर हेड खोलायचं कारण मला दिसत नाही. मात्र अशीच तापवत राहिलात तर हेड खरोखर वाकेल आणि मग गॅरेजवाला बरोबर ठरेल.

तोवर घाटात काटा चढलाच तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल. तरीही उतरला नाही किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. लाल पट्टीतला काटा एकाएकी खाली पडला तर हुश्श करू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की तो असाच पडतो.

उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट गळ्यापर्यंत आहे की नाही, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.